आखेनातेनच्या सहा मुली

प्राचीन इजिप्तचा राजा (फॅरो) आखेनातेन याच्यावरचा लेख आवडला, पण त्याने बाकीचे देव बाजूला सारून एकट्या आतेनची म्हणजे सूर्यबिंबाची पूजा सुरू केली एवढ्यावरच थांबलाय, त्याच्या घरच्यांबद्दल पण यायला हवं होतं. राणी नेफरतितीपासून त्याला सहा मुली होत्या. बर्लिनच्या म्युझियममध्ये अमार्ना या त्याच्या राजधानीच्या काळातला एक छोटा चुनखडीचा शिलापट आहे, त्यात राजा थोरल्या मेरितातेनला उचलून तिचा पापा घेतोय, समोर राणीच्या मांडीवर एक पोर आणि खांद्यावर अगदी धाकटी, ती आईच्या मुकुटाशी चाळा करतेय, आणि वरून येणाऱ्या सूर्यकिरणांच्या टोकाला चक्क छोटे छोटे हात! एरवी फॅरो म्हटलं की शत्रूचे केस धरून गदा उगारलेला, इथे मात्र बाप दिसतो. दुसरी मुलगी मेकेतातेन लहानपणीच गेली, अमार्नाच्या राजकबरीत आईबाप तिच्यासाठी शोक करताना कोरलेत, फोटो बघूनच पोटात तुटतं हो. तिसरी अंखेसेनपातेन पुढे तुतानखामुन या फॅरोची राणी झाली, १९२२ साली सापडलेल्या त्याच्या कबरीत जन्माआधीच किंवा जन्मताच गेलेल्या दोन बाळांच्या ममी इवल्याशा शवपेट्यांत होत्या. तुतानखामुनच्या सोन्याच्या मुखवट्यावर सगळेच लिहितात, पुढच्या भागात त्या पेट्यांवर पण लिहा प्लीज.