क्लास लावा, शाळेचं नंतर बघू

परवा पालकसभेत मी एक बावळट प्रश्न विचारला. "पोराला अजून अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, काय करू?" बाई गोड हसल्या. "क्लास नाही लावला? बाकीची सगळी धडा आधीच करून येतात. मी वर्गात फक्त उजळणी घेते." तेव्हापासून मी सुधारलोय. तुम्हीही सुधारा.

सरकारी शाळा फुकट झाली रे झाली की पोराला तिथून काढा. आफ्रिकेतल्या मलावीत १९९४ साली प्राथमिक शाळेची फी माफ झाली आणि वर्षभरात पटावरची मुलं १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. युगांडात १९९७ला, केनियात २००३ला तोच लोंढा. त्या मानाने ना खोल्या वाढल्या, ना मास्तर. अशा वेळी ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी हळूच सटकावं. मागे राहिलेल्यांसाठी भांडणारं कुणी उरत नाही, खात्यालाही निवांत झोप लागते.

माध्यम इंग्रजीच. शिकवणाऱ्याला येतं का, असलं विचारून रंगाचा बेरंग करू नका. रवांडाने २००८ साली शाळांत फ्रेंच सोडून इंग्रजी धरलं, तेव्हा तिथल्या कितीतरी शिक्षकांनाच इंग्रजी येत नव्हतं.

टाय हवाच.

आता क्लास. इथे काटकसर नको. दक्षिण कोरियाने १९८०मध्ये शिकवण्यांवर बंदी घातली, त्या चोरून चालल्या, आणि २०००मध्ये न्यायालयाने बंदीच रद्द केली. चीनने २०२१मध्ये पुन्हा तसाच बंदीचा घाट घातला. कंबोडियात, इजिप्तमध्ये तर वर्गात अर्धवट सोडलेला धडा तेच सर संध्याकाळी पैसे घेऊन पुरा करतात. चालणारच हो! शेतीवर भागेना, बापाचा धंदा पोराला पुरेना, पक्क्या नोकऱ्या मोजक्या आणि रांग मैलभर. विकायला हातात उरली ती गुणपत्रिका. मग एकच अपूर्णांक दोनदा विकत घ्या, सकाळी शाळेत आणि संध्याकाळी क्लासात, आणि ज्याच्या बापाला एकदाही परवडत नाही त्या पोराला बाई सगळ्यांसमोर सांगणार, तू मागे पडतोयस. कुणी पाडलं त्याला?

बाई, उजळणी कसली घेताय? आधी शिकवा. पगार त्याचाच मिळतो.

आणि आपण पालक! चाळीस जण बसले होते त्या सभेत. एकानेही तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर मात्र तिघांनी मला गाठून विचारलं, "मग, कुठला क्लास लावताय?" लाज कशी वाटत नाही?