'तेव्हा-आता'वाल्यांनो, उभे कुठे होतात तेवढं सांगा

सकाळपासून तो जोडफोटो चौथ्यांदा समोर आला. डावीकडे कृष्णधवल चाळ, उजवीकडे तीच चाळ आणि तिच्या मानगुटीवर बसलेला काचेचा टॉवर. वर "आमचं लालबाग गेलं", खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. अरे, रडण्याआधी फोटो तरी नीट बघा! डावा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून काढलाय. उजवा लांबच्या पुलावरून, टेली लेन्स लावून. तो टॉवर चाळीच्या मागे चांगला अर्धा किलोमीटर आहे. लांब जाऊन झूम केलं की मागचं पुढच्याला चिकटतं. म्हणजे चाळीवर टॉवर बिल्डरने नाही, फोटोवाल्याने आणून ठेवलाय.

बिल्डरला शिव्या घालायला खोट्या फोटोची गरज आहे का आपल्याला? खरं काय कमी आहे?

एकदाच सांगतो. चित्रातलं जवळ-लांब लेन्स ठरवत नाही, तुमचे पाय ठरवतात. लेन्स फक्त चौकट कापते. जुन्या फोटोची जागा शोधायची तर त्यात एकमेकांना छेदणाऱ्या दोन गोष्टी बघा, एक जवळची, एक लांबची. समजा, गॅलरीचा कोपरा मागच्या देवळाच्या कळसाला बरोबर मध्यावर कापतोय. तो तसाच कापला जाईपर्यंत डावीउजवीकडे सरका. मग दुसरी जोडी घ्या, तिच्यातलं अंतर जुळेपर्यंत पुढेमागे व्हा. पाय जुळले की मगच झूमला हात लावा. जुना फोटो अर्धपारदर्शक करून स्क्रीनवर ठेवणारी ॲप आहेत, वापरा, पण त्यांच्या भरवशावर झूमने जुळवायला जाऊ नका. फोनची ०.५वाली लेन्स तर विसराच, कडेच्या इमारती ताणून फाफडा करते.

आणि पुढच्या माणसासाठी खूण ठेवा. जीपीएसवर विसंबू नका, टॉवरांच्या मधे तो वीस-तीस मीटर सहज भरकटतो. "अमुक दुकानाच्या ओट्यापासून रस्त्याकडे सहा पावलं, कॅमेरा छातीच्या उंचीला" असं लिहा. एक नाही, तीन खुणा, कारण इथे खुणाच गायब होतात. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ला बंद झाला, पूर्ण उघडायला २०२३चा नोव्हेंबर उजाडला, आणि आलेला पूल वेगळाच. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडायला घेतला. पुलाच्या कठड्यावर भिस्त ठेवून ज्यांनी फोटोंची मालिका सुरू केली ते बसले हात चोळत. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे देऊळ आणि पिंपळ. दोघांना हात लावायला बिल्डरही कचरतो.

हे सगळं डोक्यात घोळतंय ते एका काकूंमुळे. आमच्या मागची चाळ पाडली, त्या आठवड्यात डझनभर कॅमेरे येऊन गेले. पोपडे, मोडका जिना, जिन्यातलं मांजर, सगळं टिपलं. काकू आता ट्रान्झिट कॅम्पात आहेत, नवं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या खोलीत. मध्यंतरी भेटल्या तर म्हणाल्या, "चाळीचा फोटो सगळ्यांकडे आहे रे, माझ्या दाराचा कुणाकडेच नाही."

दार. एवढंच हवं होतं त्यांना. तोरणाचा खिळा असलेलं, शेजारी पाण्याचं पिंप असलेलं दार.

ते कुणीच काढलं नाही, कारण ते 'फ्रेम' होत नाही. आपल्याला पडझड हवी असते, राहती चाळ नको. खोल्या भरलेल्या असताना जायला हवं. मंडळाच्या सेक्रेटरीला आधी विचारा, रविवारी दुपारी जा. प्रत्येक मजल्याचा पॅसेज दोन्ही टोकांकडून. मग प्रत्येक दार समोरून, नंबराच्या क्रमाने. मग खालची भाडेकरूंच्या नावांची पाटी, मीटरांचा बोर्ड, नळाची वेळ खडूने लिहिलेली जागा, जिन्याची झिजलेली पायरी. बीडीडी म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी चाळी, त्यांच्या एका मजल्यावर वीस खोल्या, इमारतीत ऐंशी. मजल्याला पाऊण तास पुरतो. पॅसेज अंधारा असला तरी फ्लॅश मारू नका, ऑइलपेंटवर चट्टा उठतो. आयएसओ १६००, शटर १/३०, कोपर भिंतीला टेकवा. गॅलरी उघडी असेल तर बाहेरचा उजेड पॅसेजला काळा करतो, म्हणून दोनदा काढा, एकदा आतल्या उजेडावर, एकदा बाहेरच्या. आणि प्रिंट नेऊन द्या. चार बाय सहाच्या प्रिंटला किती पैसे पडतात हो?

हां, मान्य. एकशे साठ चौरस फुटांत आयुष्य काढून, सकाळी संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्याला पाचशे फुटांचा फ्लॅट मिळत असेल तर त्याने तो घ्यावा, नाचत घ्यावा. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ नव्या घरांचं वाटप झालं, तेव्हा किल्ली हातात घेतलेले चेहरे पाहिलेत ना? मग तेही काढा. ते नाही काढत कुणी, त्यात पोपडे नसतात.

पाडकामाचंही सांगतो. जुनी लाकडी चाळ असेल तर आधी दारंखिडक्या निघतात, मग कौलं, मग सागवानी तुळया, कारण त्यांना भाव असतो. पोकलेन शेवटी येतो आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास करतो. म्हणून रोज जा, तेही एकाच वेळेला. पोकलेनच्या आदल्या दिवशी, छप्पर गेलेलं असताना, बाजूच्या भिंतीवर प्रत्येक खोलीचा रंग उघडा पडतो. गुलाबी, पोपटी, निळा, मधे देव्हाऱ्याचा कोनाडा, वर धुराने काळवंडलेली स्वयंपाकाची बाजू. मजल्यांच्या रेषा तशाच. चुन्याची धूळ लेन्सवर बसली तर रुमालाने पुसू नका, ओरखडे पडतील. लेन्सच्या रबरी ब्लोअरने उडवा.

त्यानंतर साइटभोवती पत्र्याचं कुंपण लागतं. २०२३च्या धुळीच्या नियमांपासून सत्तर मीटरवरच्या इमारतीला पस्तीस फूट उंच. रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसत नाही. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर किंवा त्याच्या वर ओळख काढा. पाया, तळघर, पायलिंग चालू असताना महिन्यातून एक फोटो पुष्कळ झाला. स्लॅब वर यायला लागले की पंधरा दिवसांनी एक. मिव्हान शटरिंग, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे असतील तर आठ-दहा दिवसांत मजला चढतो, तेवढ्यात फरक टिपला जातो. टॉवर मावत नाही म्हणून फोन वर करून वाकवू नका, इमारत मागे पडल्यासारखी दिसते. फोन उभा आणि सरळ धरा, खालचा अर्धा रस्ता नंतर कापा. एसी टॅक्सीतून उतरल्या उतरल्या काढाल तर लेन्सवर वाफ धरलेली असते, दहा मिनिटं थांबा. डिसेंबर-जानेवारीच्या धुरक्यात लांबचे टॉवर दूध होतात, पावसाच्या सरीनंतर लख्ख दिसतात.

तरी डिसेंबरमध्ये एक दिवस जायचंच. २२ तारखेला, दुपारी बारा पस्तीस-चाळीसला. मुंबईत सूर्य तेव्हा दिवसातला सगळ्यात वर असतो, बाराला नाही, आणि त्या दिवशी तो साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवरच अडकतो. दोनशे मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेला एकशे ऐंशी मीटर पडते. तिथे चाळ असेल तर तिच्या गॅलरीतलं वाळवण सावलीत. मे महिन्याच्या मध्यावर तीच सावली टॉवरच्या पायाशी. दोन्ही फोटो एकाच जागेवरून घेऊन ठेवा. पुलावरच्या टेली लेन्सने जे खोटं दाखवलं, त्यापेक्षा हे खरं जास्त बोचतं.

ड्रोनवाल्यांनी आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवर ड्रोन कुठे उडवता येतो तो नकाशा बघावा, पोलिसांची बंदी आहे का बघावं. साइटवरचा फलक मात्र सगळ्यांनी काढावा, समोरून, वाचता येईल असा. मालक, आर्किटेक्ट, परवानगीचे नंबर, महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर. काम रखडलं की फलक बदलतो, आधीचं नाव पुसलं जातं. वॉचमन आला तर वाद नको. रस्ता सार्वजनिक आहे, फोटो डिलीट करायला लावायचा त्याला हक्क नाही, पण त्याचीही नोकरीच आहे बिचाऱ्याची.

१९९१च्या मुंबईच्या विकास नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळी जागा, घरं आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने पहिले दोन वाटे फक्त गिरणीतल्या आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. त्या मोकळ्या जागेचा फोटो काढायला निघा एकदा. तिथे टेली लेन्सही हात टेकेल.

असो. चिडून काय होतंय.

काकूंच्या चाळीतलं कुणी हे वाचत असेल तर पहिल्या मजल्यावरचा, जिन्यावरून डावीकडच्या पॅसेजचा कुठलाही फोटो चालेल. बारशाचा, हळदीचा, गणपतीच्या आरतीचा. मागे चौथं दार दिसतंय का तेवढं बघा. कागदावरचा असेल तर उन्हात धरून फोनने काढू नका, चकाकतो. खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवून वरून काढा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर बारीक होऊन येतो, तारीखही जाते, आणि तोरणाचा खिळा दिसायचा नाही.