६४१ नशिबाने सापडला नाही

नमस्कार. ४,२९,४९,६७,२९७ या संख्येवरच्या लेखाबद्दल तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. कुठल्याही एवढ्याशा संख्येचे अवयव संगणक क्षणात पाडतो, मग हिचं कौतुक कशाला? आणि गणितज्ञ ऑयलरला ६४१ हा अवयव मिळाला तो निव्वळ नशिबाने. संगणकाचं म्हणणं मान्य. नशिबाचं मात्र मला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मालिकेतली ही पुढची. आधीच्या पाचही मूळ संख्या आहेत, तेव्हा हीसुद्धा मूळच असणार, असं ऑयलरच्या आधीचा गणितज्ञ फर्मा धरून चालला होता. १७३२ साली ऑयलरने हिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं आणि त्यामागचं कारणही पुढे सिद्ध करून मांडलं.

ते कारण असं. समजा, 'म' ही मूळ संख्या हिला निःशेष भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला म ने भागलं की बाकी उणे १, आणि त्याचा वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधीच्या कुठल्याही घाताला बाकी १ येत नाही. आली असती, तर ३२ व्या घातालाही १ च आली असती. म्हणून बाकी १ फक्त ६४ च्या पटीतल्या घातांनाच येते. आता फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की २ च्या (म − १) व्या घाताची बाकी १ असते. म्हणजे म − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे!

आता शोधायचं उरलंच किती? ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर हातात. पुढे ल्युका या गणितज्ञाने ६४ च्या जागी १२८ घेता येतात हे दाखवलं. मग त्या पाचांतल्या दोनच उरतात, २५७ आणि ६४१.

आणि ६४१ ची पडताळणी तर भागाकाराशिवायही होते. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × २⁷ ची बाकी उणे १. चौथा घात घ्या: ५⁴ × २²⁸ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५⁴ च्या जागी −२⁴ चालतं. मिळालं −२³² ची बाकी १, अर्थात २³² + १ ची बाकी शून्य. मला हे इतकं सुंदर वाटतं की याला नशीब म्हणवतच नाही.

'कुठलीही संख्या' हेही पटलं नाही. हिच्याहून दोनने लहान संख्या पाहा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने तत्त्वतः काढता येतो. आपल्या संख्येचा येत नाही, कारण ६४१ हा अवयव वरच्या मालिकेतला नाही, तोच आड येतो.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे हे संगणकावर विश्वास ठेवून मानू नका. त्याचं वर्गमूळ २,५८९ च्या आत आहे, आणि त्याचे अवयव आपल्या संख्येचेही अवयव असल्याने १२८ चा नियम त्यांनाही लागू. तेव्हा फक्त २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ ने भागून पाहा. कागद-पेन्सिल पुरते.