आठ जिल्हे, आठ लेटरहेड

परवा जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं टाकलं, "मराठवाड्याची फुटबॉल असोसिएशन वेगळी झालीच पाहिजे. विदर्भाचं क्रिकेट वेगळं, मग आपला फुटबॉल कामून नाही?" अर्ध्या तासात चाळीस अंगठे पडले. मी दिला नाही. रात्री दोन फोन आले. एक जण म्हणाला, "सर, तुमी कामून गप? मुंबईवाल्यांना भ्यायलेत का?" भ्यायचं काय, मुंबईवाल्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. पण गप का बसलो ते सांगायला ग्रुपची जागा पुरायची नाही, म्हणून इथं लिहितोय.

वेगळी चूल मांडायला माझी ना नाही. आत्ताच्या चुलीवर आपण काय शिजवतोय, एवढंच मला विचारायचंय.

ही चूल मांडली कशी ते आधी बघा. मुंबईत 1891 साली रोव्हर्स कप सुरू झाला. तो गोऱ्या पलटणींचा खेळ, आपल्या लोकांनी दोरीबाहेर उभं राहून बघायचा. 1902 मध्ये बॉम्बे फुटबॉल असोसिएशन झाली आणि हारवुड लीग सुरू झाली. म्हणजे एकाच गावात कप चालवणारे वेगळे आणि लीग चालवणारे वेगळे. 1911 साली दोघं एकत्र आले आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन जन्माला आली, आपली विफा. त्याच वर्षी तिकडं कलकत्त्यात मोहन बागानच्या पोरांनी, बहुतेक अनवाणी, गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शिल्ड ही तिथली मोठी स्पर्धा जिंकली. ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. संस्था कशी झाली ते कुणी सांगत नाही, कारण त्यात गोल नाहीत.

विफा ही फुटून झालेली संस्था नाही, दोन जुळून झालेली आहे. आणि आधी सामने होते, मग संस्था आली. कप 1891 चा, विफा 1911 ची. मधली वीस वर्षं सामने होतच होते. आपल्याकडं आधी संस्था होते, मग अध्यक्ष, मग सचिव, मग लेटरहेड, आणि सामन्यांचं बघू म्हणतात.

नावाची एक गंमत. नाव पश्चिम भारत, कारभार महाराष्ट्रापुरता. गोव्याची संघटना वेगळी, गुजरातची वेगळी. वाडा गेला, पाटी तेवढी राहिली.

आता आपलं. 1911 साली आपण मुंबईच्या हिशेबात नव्हतोच. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात. आपली राजधानी हैदराबाद. आणि फुटबॉलची म्हणाल तर ती काही वाईट राजधानी नव्हती. तिथं सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. 1951 आणि 1962 च्या एशियाडमध्ये भारताला सुवर्णपदक मिळालं आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तेव्हाचे प्रशिक्षक. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण रहीमसाहेब 1943 पासून 1963 मध्ये वारले तोवर हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवही होते, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणजे सामन्यांचं वेळापत्रक लावणारा, क्लबांची भांडणं मिटवणारा माणूस तोच. पोरांसाठी ते कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा घेत. उजव्या पायाच्या पोरानं डाव्यानंच मारायचं. याला खर्च काय येतो? काही नाही. मैदान, बॉल आणि डोकं असलेला सचिव.

त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर, त्यांच्या घरात येऊन. नंतर 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या हंगामातही आणि पुढच्याही, संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांच्या स्पर्धेच्या फायनलला हैदराबाद आणि मुंबई समोरासमोर होते आणि दोन्ही वेळा हैदराबाद जिंकलं. आपण नेमके त्याच साली जिंकणाऱ्यांच्या घरातून हरणाऱ्यांच्या घरात नांदायला गेलो! भाषेसाठी गेलो, योग्यच केलं, त्यात वाद नाही. पण फुटबॉलपटूचं गणित भाषेनं सुटत नाही, अंतरानं सुटतं. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. आजही एखाद्या पोराला चांगले बूट घ्यायचे असले की तो मुंबईला जात नाही, रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जाऊन येतो.

तर मुंबईनं आपल्याला सावत्र वागवलं, हे मी नाकारत नाही. कूपरेज मुंबईत, कचेरी मुंबईत, बहुतेक मोठे क्लब मुंबई-पुण्यात. सिंचनाचा अनुशेष, रस्त्याचा अनुशेष, तसा हाही एक. पण अनुशेष म्हणजे मागायचा आकडा असतो. आपला आकडा काय? तुमच्या जिल्ह्यात नोंदलेले क्लब किती, गेल्या वर्षी लीगचे सामने किती झाले, परीक्षा पास झालेले रेफ्री किती? नंतर ग्रुपवर हे तीन प्रश्न तेवढे टाकले. अंगठे बंद झाले.

ज्यांना ही उतरंड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यात वर फिफा, खाली आशियाई महासंघ, त्याखाली 1937 साली झालेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, त्याखाली राज्य संघटना म्हणजे विफा, तिच्याखाली जिल्हा संघटना आणि तळाला क्लब. महासंघ एका राज्यासाठी एकच संघटना धरतो. त्यामुळं "वेगळा मराठवाडा" ही मागणी विफाकडं करायचीच नाही, ती महासंघाची घटना बदलायची मागणी आहे. त्या घटनेसाठी काय रामायण झालं ते आठवा. 2022 च्या ऑगस्टमध्ये फिफानं भारताला निलंबित केलं, दहा-अकरा दिवसांनी ते उठलं, आणि घटनेला सर्वोच्च न्यायालयाचा हिरवा कंदील मिळायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. त्यात आपण आठ जिल्ह्यांचं निवेदन घेऊन जाणार. वाचेल कोण?

दुसरा गोंधळ पालकांचा. पोरगं शाळेकडून सुब्रतो कपला, म्हणजे शाळाशाळांच्या स्पर्धेत, विभागापर्यंत खेळतं आणि बाप विचारतो, मग जिल्ह्याच्या संघात का नाही? कारण शाळेचा फुटबॉल क्रीडा कार्यालयाचा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा तो चढतो. संघटनेचा फुटबॉल वेगळा. त्यात आंतरजिल्हा स्पर्धा होतात आणि तिथून राज्याचा संघ निवडतात. ही दोन्ही रुळं शेजारून जातात पण सांधा कुठंच नाही. सांधा जोडायचं काम जिल्हा संघटनेचं. आणि तिथंच तर आपलं घोडं पेंड खातंय.

आमचंच सांगतो. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, आठातला कुठलाही धरा, फारसा फरक पडणार नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो. आंतरजिल्हा स्पर्धा होती म्हणे. म्हणे, कारण मला आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं. निवड चाचणी झाली का? कागदावर झाली. सचिवांचा भाचा माझ्याच वर्गात होता, तो मोंढ्यातल्या चहाच्या गाड्यावर म्हणाला, "उद्या सकाळी स्टेशनवर ये, एक जण कमी पडायलाय." चौदा जण गेलो. त्यातले चार फुटबॉल खेळायचे, बाकी कबड्डी-व्हॉलीबॉलची पोरं, एक जण तर नुसता मुंबई बघायला. जर्सी व्हॉलीबॉलच्या, नंबर दोन जणांचे सारखे. रेफ्रीनं तिथंच अडवलं, मग एकाच्या पाठीवर चिकटपट्टीनं एकाचा अकरा केला. नऊ गोल खाल्ले. गोलकीपर बिचारा कबड्डीतला, बॉल आला की पाय धरायला धावायचा. येताना सचिव डब्यात म्हणाले, "हारजीत होत राहते, सर्टिफिकेट मिळालं ना?"

तेच खरं दुखणं. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. चांगली गोष्ट आहे, गरिबाच्या पोरांचं त्यानं भलं झालंय. पण त्यामुळं कागदाला भाव आला आणि मैदानाचा उतरला. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात किती गाजली ते तुम्ही वाचलंच असेल. लीग न घेता आंतरजिल्ह्याला संघ पाठवणारी संघटना हे असले कागद छापायचंच यंत्र होते. खेळाडू घडवावा लागतो, कागदाला प्रिंटर पुरतो.

आता संघटना कशी अडकते ते बघा. या बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा. जुना सचिव सोडत नाही, नवा मानत नाही, दोघं फेरफार टाकतात आणि तारखा सुरू. एका जिल्ह्यात दोन संघटना, दोन लेटरहेड, मैदानात शून्य सामने. दोन गट आले की वरची संस्था दोघांनाही लटकवून ठेवते, तिलाही सोयीचंच असतं. वर जिल्हेही फुटत गेले. 1981 ला जालना, 1982 ला लातूर, 1 मे 1999 ला हिंगोली. हिंगोलीची पोरं तोवर परभणीकडून खेळायची. जिल्हा वेगळा झाला, कलेक्टर आले, एसपी आले आणि संघटनेचा सचिवही आला. खेळाडू तेवढेच राहिले, निम्मे इकडं, निम्मे तिकडं. वेगळं होण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. तीनदा घेतलाय.

कोल्हापूर बघा. तेही विफाच्याच छत्राखाली, त्यांनी काही वेगळं राज्य मागितलं नाही. त्यांच्याकडं तालमी आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. सोळा संघांची लीग शाहू स्टेडियमवर भरते, पेठाच्या पेठा लोटतात, मारामाऱ्याही होतात. खेळाडू नोंदणीचे दिवस पेपरात येतात, कोण कुठल्या संघातून कुठं गेला याच्या बातम्या होतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शब्दाला मुंबईत वजन आहे ते निवेदनामुळं नाही, तिच्या मागं सोळा संघ उभे आहेत म्हणून.

आपल्याकडं तालमी नव्हत्या का? गल्लोगल्ली होत्या. गणेश मंडळं आहेत. पोरं तर विचारू नका. औरंगाबादेत छावणीत, आमखास मैदानावर कुठल्याही संध्याकाळी जाऊन बघा. 2017 ला सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात आला तेव्हा सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि 15 सप्टेंबरला अख्ख्या राज्यातली लेकरं मैदानात उतरवली. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बॉल आले त्या दिवशी मुली आधी धावल्या, मुलं नंतर. दोन दिवसांनी मुक्तिसंग्राम दिन होता, झेंडावंदन संपायच्या आत पोरांनी बॉल काढला. दिवाळीपर्यंत बाभळीच्या काट्यांनी सगळ्यांची हवा गेली. पुढं ना कुणी पंप दिला ना सामना. आता 2025 च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, तेरा वर्षांची पोरं निवडायचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. होऊ द्या. पण निवडायला आधी कुणीतरी खेळत असावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी लीग. सहा संघ जमले तरी प्रत्येकाशी एकदा खेळून पंधरा सामने होतात. रविवारी दोन धरले तर आठ रविवार. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत पोरांची नावं घालायला एक मोबाइल आणि पोरांची कागदपत्रं लागतात. रेफ्रीचं मानधन आणि गाडीभाडं क्लबांनी वाटून घ्यायचं. ही लीग आठही जिल्ह्यांत दोन वर्षं चालली तर विफाच्या सभेत आपली आठ मतं एका बाजूला बसतील, आणि मग वेगळं मागायची गरज पडते का ते बघू. पडली तर पहिला अंगठा माझा. आज वेगळं झालो तर तेच आठ सचिव मराठवाड्याच्या लेटरहेडवर सह्या करतील. मुंबईला शिव्या द्यायची सोयसुद्धा जाईल.

कुणी म्हणेल, सर, तुम्हीच का नाही केलं इतकी वर्षं? बरोबर आहे. तीन वर्षं मीही सहसचिव होतो. दोन सभांना गेलो, चहा घेतला, इतिवृत्तावर सही केली. भांडण नको म्हणून गप बसलो आणि मग राजीनामा दिला, जणू राजीनामा देणं म्हणजे काहीतरी केलं.

यंदा पाच संघ तयार आहेत. दोन तालुक्याचे, एक कॉलेजचा, एक रेल्वे क्वार्टरच्या पोरांचा आणि एक मुस्लिम मोहल्ल्यातला, जो खरं तर बाकी चौघांना मिळून हरवेल. सहावा पाहिजे. मैदानाची परवानगी तोंडी मिळाली आहे, लेखी येईल तेव्हा खरी. रेफ्री म्हणून दोन पोरांना तयार करतोय, त्यातली एक मुलगी आहे आणि ऑफसाइड तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. फक्कीची दोन पोती उधारीवर आणून ठेवली आहेत. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला रेषा मारायच्या आहेत. ज्यांनी परवा अंगठा दिला त्यातले दहा आले तरी पुरे, येताना दोरी आणि खुंट्या घेऊन या.