‘ऑप्टिप्लेक्स घ्या, कॅबिनेट बदला, अर्ध्या तासात गेमिंग पीसी’ : यातलं खरं किती?

जुन्या ऑफिस पीसीबद्दल एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतो आहे. मजकूर साधारण असा : ‘डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० स्वस्तात उचला. बोर्ड मायक्रो-एटीएक्स (मदरबोर्डाचं एक प्रमाण माप) आहे, कोणत्याही कॅबिनेटमध्ये बसतो. नवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जोडा, ग्राफिक्स कार्ड लावा. अर्ध्या तासाचं काम. फक्त विंडोज नव्याने विकत घ्यावी लागेल.’

स्वस्तात मिळतो, एवढं मान्य. पुढचं एकेक वाक्य तपासायला हवं.

‘बोर्ड मायक्रो-एटीएक्स आहे.’ कोणत्या ९०२०चा? याच नावाखाली मिनी टॉवर येतो आणि आडवा, बारका एसएफएफसुद्धा येतो. दोघांचे बोर्ड वेगळे. कॅबिनेट बदलायचा विचार असेल तर मिनी टॉवरच घ्यावा. एसएफएफच्या वाटेला जाऊ नये. टॉवरचा बोर्डही विकत घेण्याआधी मोजावा. मायक्रो-एटीएक्सचं माप २४४ बाय २४४ मिमी आणि कार्ड बसवायच्या दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी. एखाद-दुसरं भोक जुळलं नाही तर बिघडत नाही, पण तिथला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो ती कॅबिनेटमधली खुंटी) आधी काढून टाका. भोक नसलेल्या जागी राहिलेला स्टँडऑफ बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकला की शॉर्ट होतो, आणि मग ‘चालू का होत नाही’ हे शोधण्यात दिवस जातो.

मागच्या पोर्टांची चौकट ही आणखी एक अडचण. सुट्या बोर्डासोबत पत्र्याची आय-ओ प्लेट मिळते. ब्रँडेड पेटीत ती चौकट बहुधा कॅबिनेटच्या पत्र्यातच कापलेली असते, त्यामुळे नव्या कॅबिनेटमध्ये १५८.७५ बाय ४४.४५ मिमीचं भोक उघडं राहतं. जुन्या पत्र्यातून तेवढा तुकडा कातरून बसवता येतो. कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर बोटं कापतील.

आता हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा. या सल्ल्यात त्याचा उल्लेखच नाही, आणि घोळ नेमका तिथे होतो. ब्रँडेड पीसीत हीटसिंकचे चार स्क्रू पुष्कळदा बोर्डातून आरपार जाऊन थेट कॅबिनेटच्या पत्र्यावरच्या खुंट्यांत बसतात. म्हणजे बोर्ड आणि पेटी मिळून एक वस्तू असते. हीटसिंक सोडवल्यावर बोर्ड उलटून पाहा : चार भोकांना धरणारी प्लेट मागे नसेल तर नव्या पेटीत स्क्रू अडकायला काहीच नाही. सुदैवाने ९०२०चं सॉकेट (प्रोसेसरची बैठक) एलजीए ११५० आहे, भोकं ७५ मिमी चौकोनात. त्यामुळे एलजीए ११५x मालिकेचा, स्वतःची बॅकप्लेट (बोर्डामागची प्लेट) असलेला कूलर चालतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायची, तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढी पुरते.

कूलर बसला तरी त्याची वायर बसेलच असं नाही. डेलचा सीपीयू फॅन ५ पिनांचा, बाजारातला ४ पिनांचा, आणि तारांचा क्रमही वेगळा. पाचाला चार करणारा छोटा अडॅप्टर मिळतो. कनेक्टर दाबून बसवू नका. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) फॅन ओळखता आला नाही तर दर वेळी सुरू करताना इशारा येतो आणि एफ१ दाबावं लागतं. एचपीच्या पेट्यांत हेच दुखणं क्रमांकाने दिसतं : ५१२ म्हणजे केस फॅन सापडला नाही, ९१७ म्हणजे पुढचा ऑडिओ जोडलेला नाही, ९१८ म्हणजे पुढचा यूएसबी जोडलेला नाही.

‘नवा एसएमपीएस जोडा.’ कशाला जोडणार? ९०२०च्या बोर्डावर २४ पिनांची जागाच नाही, ८ पिनांची आहे. डिस्कला वीजसुद्धा बोर्डावरूनच जाते. २४ ते ८ पिनांचा अडॅप्टर घ्यावा लागतो. मग डिस्क सरळ नव्या एसएमपीएसच्या साटा वायरवर घ्या. एचपीच्या बऱ्याच बोर्डांवर ६ पिना, लेनोवोच्या त्या काळातल्या बोर्डांवर १४, आणि स्टँडबायचा (पीसी बंद असतानाही बोर्डाला मिळणारा) व्होल्टेजही सगळीकडे ५ नसतो. काही बोर्डांना ११-१२ लागतो, म्हणून त्यांच्या अडॅप्टरमध्ये लहानसं सर्किट असतं. तेव्हा अडॅप्टर नेमक्या मॉडेलचाच घ्यावा. नुसत्या नावावरही जाऊ नका : २०१२च्या ऑप्टिप्लेक्स ७०१० मिनी टॉवरला साधा २४ पिनांचाच एसएमपीएस लागतो, आणि डेलने २०२३मध्ये तेच ७०१० नाव एका वेगळ्याच पिढीला दिलं.

पॉवर बटण हा त्यामानाने सोपा भाग आहे, फक्त घाई नको. नव्या कॅबिनेटच्या सुट्या दोन पिना डेलच्या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या जागेवर) जशाच्या तशा बसत नाहीत. जुनं बटण वायरसकट काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि बटण दाबल्यावर कोणत्या दोन तारा जुळतात ते पाहा. त्या दोन तारा कापून नव्या बटणाच्या तारांना जोडा, वर श्रिंक ट्यूब चढवा. बटणाच्या तारा उलटसुलट झाल्या तरी चालतात, एलईडीच्या नाहीत.

‘विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागेल.’ हे उलट दिशेने चूक आहे. ओईएम (पीसीसोबतच आलेलं) लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं आणि विंडोज ८पासून किल्ली बायोसमध्येच असते. पत्रा बदलल्याने त्यात फरक पडत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर मात्र काम सुरू करण्याआधी तो थांबवून ठेवा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून घ्या.

राहिला ‘अर्धा तास’. तो फक्त सगळं उलगडायला लागतो. खरं तर कॅबिनेट सगळ्यात शेवटी घ्यावं. आधी बोर्ड पुठ्ठ्यावर मांडा. नवा कूलर, अडॅप्टर, एसएमपीएस आणि बटण जोडून मशीन बायोसपर्यंत नीट येतं का, एफ१ मागतं का, ते पाहा. इथे अडलं तर कॅबिनेटचे पैसे तरी वाचतात.

आणि हेतू फक्त ग्राफिक्स कार्डाचा असेल तर यातलं काहीच करायची गरज नसते. ९०२० टॉवरचा मूळ एसएमपीएस २९० वॅटचा आहे आणि पीसीआय-ई स्लॉट (ग्राफिक्स कार्डाची जागा) ७५ वॅटपर्यंत देतो. जीटीएक्स १६५०ची जादा वायर न लागणारी आवृत्ती किंवा ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी त्यात भागतं. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट खातं, पण ते चारच लेनवर (डेटाच्या मार्गिकांवर) चालतं, आणि ९०२०चा स्लॉट पीसीआय-ई ३.० असल्याने तिथे ते आपला वेग गमावतं.