माथेरान ‘शोधलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

माथेरानचा इतिहास सांगायला कुणीही बसलं की सुरुवात ठरलेली. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून वर चढले आणि त्यांनी माथेरान शोधून काढलं. हे वाक्य मला दर वेळी खुपतं. धनगर, ठाकर, कातकरी या डोंगरात आधीपासून होते. पिसरनाथ हे इथलं ग्रामदैवत. ज्या जागेला स्वतःचं दैवत आहे, ती हरवलेली कशी असेल?

तरी इथल्या, इंग्रजांच्या काळातल्या जुन्या बंगल्यांवर माझा जीव आहे. जांभ्याचं जोतं, ऐसपैस व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर. जुलैत इथला पाऊस आडवा मारतो, तेव्हा त्या व्हरांड्याची किंमत कळते. झड बाहेरच्या खांबांवर अडते, आतली भिंत कोरडी राहते. आज त्याच जागी गुळगुळीत, सपाट भिंतीची खोली बांधली जाते आणि दोन पावसांत तिला ओल येते. 

मिनी ट्रेनवरही तसाच जीव आहे. तिच्यात बसून फोटो काढणाऱ्यांना अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय हे नाव माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं. १९०१ ते १९०७ या काळात त्यांनी नेरळपासून वरपर्यंत हा दोन फुटी रूळ घातला. सोळा लाख रुपये खर्च आला, तो त्यांचे वडील सर आदमजी यांनी उचलला. त्याआधी वर यायचं तर घोडा, पालखी, नाहीतर आपले पाय. २००५ च्या जुलैच्या पावसात मार्ग वाहून गेला, तेव्हा तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं.

इथे गाड्यांना बंदी आहे, म्हणून गाव वाचलं. पण कौलांचा गठ्ठा असो की वाळूचं पोतं, दस्तुरी नाक्यापासून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून पुढे, बहुतेक घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर येणार. वर माकडं कौलं फोडतात. मग घरमालक कंटाळून पत्रा टाकतो. त्याला मी दोष देणार नाही. २००३ मध्ये माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, झाडांसाठी लोक भांडले, फार चांगलं झालं. तीच हिरिरी घरांसाठी मला दिसत नाही. जुनं छप्पर जुन्या पद्धतीने दुरुस्त करणाऱ्याला वाहतुकीचा खर्च तरी सरकारने द्यावा. एवढं साधं काम आहे हे.

आणि जपायचं ते फक्त बंगलेच का? याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. वकील झाले, गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं काढली, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता ही भूमिगत क्रांतिकारकांची तुकडी उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील हुतात्मा झाले. तेव्हा भाई जेमतेम तीस वर्षांचे होते. ज्या साध्या घरांतून अशी माणसं निघाली, घोडेवाले, हमाल, माळी राहिले, ती घरं ‘वारसा’ या शब्दात बसत नाहीत का? बंगल्यांतले इंग्रज साहेब उन्हाळा संपला की खाली उतरायचे. पावसाळा गावात काढला तो या माणसांनी.

माथेरानच्या जुन्या कुटुंबांना एक विनंती. घरात जुने फोटो असतील तर त्यांच्या मागे नावं लिहून ठेवा. घर कुणाचं, अंगणात उभं कोण, साल कोणतं. आजी-आजोबा सांगू शकताहेत, तोवरच.