केस पिकण्याचे वय वारशाने जसेच्या तसे मिळत नाही

इंदूरमधल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेल्या महिन्यात एकच संदेश तीनदा फिरून आला. त्यातली विधाने अशी: मुलाचे केस वडिलांच्या वयाला आणि मुलीचे आईच्या वयाला पिकतात, आईवडिलांच्या आधी मुलांचे केस पिकले, तर लहानपणी तेल न लावणे आणि बोअरिंगचे पाणी यांचा तो परिणाम असतो, एक पांढरा केस उपटला की दहा उगवतात, आणि केस लवकर पिकणे घराण्यातच असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ नाही. हा संदेश वाचून माझ्या २४ वर्षांच्या भाचीने आपल्या आईला ‘तू मला कधी नीट तेल लावलं नाहीस’ असे ऐकवले, आणि माझी बहीण त्यानंतर दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान आमच्याच घरात टिकत नाही. बाबांचे केस पस्तिशीत पिकले. आईचा भांग ७८व्या वर्षीही बराचसा काळा आहे. संदेशातला नियम खरा असता, तर माझे केस लवकर पिकायला हवे होते आणि बहिणीचे काळे राहायला हवे होते. झाले नेमके उलटे. मला पन्नाशीपर्यंत कानाजवळचे चार केस सोडले तर काही दिसत नव्हते, आणि बहिणीने तिशीतच मेंदी लावायला सुरुवात केली.

यात नवल काहीच नाही. केस पिकण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे संदेशाने गृहीत धरले आहे ते बरोबरच आहे. डेन्मार्कमधील जुळ्या बहिणींच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ते दिसून आले. चूक आहे ती वारसा म्हणजे आईची किंवा बाबांची हुबेहूब नक्कल, असे समजण्यात. २०१६ साली कौस्तुभ अधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅटिन अमेरिकेतील ६,००० हून अधिक लोकांच्या अभ्यासातून केस पिकण्याशी संबंधित असा पहिला जनुक दाखवून दिला. आयआरएफ४ असे त्याचे नाव. हा जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला या गुणसूत्राची एक प्रत आईकडून व एक बाबांकडून मिळते. त्यामुळे मुलग्याने बाबांचे आणि मुलीने आईचे घ्यावे, अशी वाटणी येथे होतच नाही. शिवाय हा एकटा जनुक वय ठरवीत नाही. अनेक जनुकांचे लहानलहान परिणाम एकत्र येतात, आणि आईवडिलांच्या दोन प्रतींपैकी कोणती पुढे जाईल हे प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने ठरते. म्हणूनच एका आईच्या पोटच्या दोन भावंडांत वीस वर्षांचे अंतर पडू शकते. त्यात धूम्रपान, आजार, ताण यांची भर पडते. ताणाबाबत २०२१ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १४ जणांच्या एकेका केसाची रंगनोंद तपासली, तेव्हा ताण ओसरल्यावर काही केसांचा रंग परत आल्याचे आढळले. मात्र अभ्यास लहान होता, आणि पूर्ण पिकलेले डोके त्यामुळे काळे होईल असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

तेल आणि पाण्याचे विधान मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण त्याचा दोष थेट आईच्या माथी येतो. बहिणीच्या फणीत अडकलेला एक लांब केस मी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिला. मुळाकडचा सुमारे नऊ सेंटीमीटरचा भाग चांदीसारखा पांढरा होता आणि तिथून टोकापर्यंत केस काळाभोर होता. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे त्या केसाच्या मुळातील रंगपेशींनी सुमारे नऊ महिन्यांपूर्वी रंग भरणे थांबवले होते. केसाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग. वर्षानुवर्षांचे पाणी आणि शाम्पू त्यानेच सोसलेले असतात. केस पाण्याने पांढरा होत असता, तर पांढरेपणा टोकाकडून सुरू झाला असता. बोअरिंगच्या जड पाण्याने केस राठ होतात, तेलाने ते मऊ राहतात आणि कमी तुटतात, हे खरे आहे. पण त्वचेखाली रंग भरण्याच्या कामात दोघांचाही हात नाही. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. त्याआधीची कितीतरी वर्षे आईने वाड्यातल्या विहिरीच्या जड पाण्याने केस धुतले, आणि घरात आज सर्वांत काळे केस तिचेच आहेत.

उपटण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रत्येक केसाचे मूळ वेगळे असते, एक उपटल्याने शेजारच्या केसाला काहीही होत नाही, आणि त्याच मुळातून पुन्हा बहुधा पांढराच केस येतो. वारंवार उपटल्याने मूळ मात्र दुखावते.

शेवटच्या विधानाने खरे नुकसान होऊ शकते. आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पिकू लागले, तर ते अकाली मानले जाते, आणि घराण्यात तशी चाल असली तरी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार सोबत असू शकतो. बी-१२ धान्य, डाळी व भाजीपाल्यातून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. शाकाहारी घरातील मुलगी दूध टाळत असेल, तर तिची एक साधी रक्ततपासणी करून घेण्यात ‘आमच्याकडे सगळ्यांचेच लवकर पिकतात’ हे वाक्य आड येता कामा नये. या कमतरतेत हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि ती दीर्घकाळ तशीच राहिली तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

भाचीच्या पायांना चार महिने मुंग्या येत होत्या, हे तिने आम्हाला तपासणीच्या दिवशी सांगितले. बी-१२ बरेच कमी निघाले. इंजेक्शने सुरू आहेत, मुंग्या थांबल्या आहेत. केस पुन्हा काळे होतील असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही आणि तिनेही ते विचारलेले नाही. रविवारी ती आईपुढे पाटावर बसून डोक्याला तेल लावून घेत होती.